शून्य वेग आणि हरवलेला वेग : एफ-१५० पिकअपच्या तीन रिकॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

आपल्याकडे पिकअप म्हटलं की पहाटे मार्केट यार्डात भाजीचे क्रेट उतरवणारी गाडी डोळ्यापुढे येते. अमेरिकेतला पिकअप वेगळा. तो शेतावर जातो, बांधकामाच्या साइटवर जातो आणि रविवारी सगळं कुटुंब घेऊन देवळातही जातो. टेक्सास किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांच्या दारातही तो आता नवलाचा राहिलेला नाही. फोर्डची एफ-सीरिज १९७७ पासून तिथली सर्वांत जास्त खपणारी ट्रकमालिका आहे आणि एफ-१५० हा त्या मालिकेचा कणा. त्यामुळे या ट्रकमधली एखादी लहानशी चूकसुद्धा लाखांच्या पटीत रस्त्यावर उतरते.

२०११ च्या मॉडेलसाठी कंपनीने एफ-१५० ची सगळी इंजिनं बदलली. सगळ्यांना जोड मात्र एकाच गिअरबॉक्सची दिली : सहा गिअरचा ऑटोमॅटिक, नाव ६आर८०. मूळ आराखडा जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा, उत्पादन मिशिगनमधल्या लिव्होनियाच्या कारखान्यात. ट्रकची ही पिढी २०१४ पर्यंत चालली, २०१५ पासून ॲल्युमिनियमच्या बॉडीची नवी पिढी आली. २०११, २०१२, २०१३ आणि २०१४ ही चार मॉडेल वर्षं लक्षात ठेवावीत, कारण पुढची सगळी कहाणी रिकॉलसाठी, म्हणजे दोष असलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्यासाठी, या चार वर्षांच्या मधोमध रेघ कुठे ओढायची यावर फिरते.

या प्रकरणातल्या चालकांची नावं-गावं इथे दिलेली नाहीत. त्यांच्या तक्रारींचा गाभा मात्र इतका सारखा आहे की एकाची हकिगत वाचली तरी बाकीच्यांची कल्पना येते.

घटना कशी घडायची

ट्रक महामार्गावर सरळ चाललेला असतो. चालकाने ब्रेक दाबलेला नसतो, गिअरच्या दांड्याला हात लावलेला नसतो. अचानक स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येतो आणि त्याच क्षणी गिअरबॉक्स थेट पहिल्या गिअरमध्ये जातो. इंजिन किंचाळतं, मागची चाकं एकदम जखडल्यासारखी होतात, सीटबेल्ट छातीत रुततो. काही वेळा क्षणभरात सगळं पूर्ववत होतं आणि ट्रक पुन्हा नीट चालू लागतो, जणू काही झालंच नाही.

हे किती गंभीर आहे ते आकड्यांत पाहू. ६आर८० मध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.१७ आणि सहाव्याचं ०.६९. म्हणजे तोच वेग ठेवून सहाव्यातून पहिल्यात आलं तर इंजिनाला सुमारे सहापट वेगाने फिरावं लागेल. ताशी १०५ किलोमीटरला सहाव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण १,७०० फेऱ्यांवर निवांत असतं. पहिल्या गिअरचा हिशेब केला तर आकडा दहा हजारांवर जातो. असं इंजिन या ट्रकमध्ये नाहीच. मग ही तफावत कुणीतरी सोसायची असते, आणि ती मागची चाकं सोसतात. इंजिन त्यांना मागे खेचून धरतं.

इथे दोन गोष्टी आणखी वाईट होतात. चाक ब्रेकमुळे जखडलं तर एबीएस ब्रेकचा दाब सोडून ते मोकळं करतं. या प्रकारात चाक धरून ठेवलंय इंजिनाने, ब्रेकने नाही, त्यामुळे एबीएसच्या हातात सोडायला काही नसतं. दुसरी गोष्ट मला त्याहून भयंकर वाटते. चालकाने ब्रेक दाबलेला नसल्यामुळे मागचे ब्रेकचे दिवे लागत नाहीत. मागून येणाऱ्याला समोरचा दोन टनांहून जड ट्रक एकदम मंदावलेला दिसतो, आणि लाल दिवा मात्र दिसत नाही. पाऊस किंवा बर्फ असेल, मागे माल नसल्याने मागचा भाग हलका असेल, तर ट्रकचं शेपूट बाजूला फिरायला फार वेळ लागत नाही.

दोषाचं मूळ

गिअरबॉक्सच्या बाहेर पडणारा दांडा किती वेगाने फिरतोय हे मोजणारा एक सेन्सर असतो. ६आर८० मध्ये तो गिअरबॉक्सच्या आत, लीड फ्रेम नावाच्या जोडणीच्या पट्टीवर बसलेला असतो. त्याचा सिग्नल पीसीएमला, म्हणजे इंजिन-गिअर सांभाळणाऱ्या संगणकाला जातो. कोणता गिअर टाकायचा हे पीसीएम त्या सिग्नलवरून ठरवतो. कंपनीने रिकॉलच्या कागदपत्रांत दिलेलं कारण हेच : सेन्सरचा सिग्नल मधेच तुटायचा आणि त्यामुळे गिअरबॉक्स तात्पुरता पहिल्या गिअरमध्ये जायचा.

गरम तेलात, सततच्या थरथराटात काम करणारी विजेची जोडणी कधीतरी सैल होणारच. गाड्यांच्या इंजिनिअरिंगमध्ये हे गृहीतच धरलेलं असतं. खरा प्रश्न त्यापुढचा आहे : सिग्नल गेला तर संगणकाने काय समजायचं?

"वेग शून्य आहे" आणि "वेग किती आहे ते मला कळत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्या वाक्याला पहिला गिअर हे योग्य उत्तर आहे, कारण उभी गाडी पहिल्या गिअरमध्येच सुरू होते. दुसऱ्या वाक्याला योग्य उत्तर एकच : आहे तो गिअर धरून ठेव, दिवा लाव आणि चालकाला सांग. या ट्रकमध्ये दुसऱ्या परिस्थितीला पहिल्याचं उत्तर मिळालं. तेही अशा वेळी, जेव्हा खरं काय ते ताडून पाहायला साक्षीदार हजर होते. चारही चाकांवर एबीएसचे वेगमापक होते, इंजिनाच्या फेऱ्या माहीत होत्या. चाकं ताशी शंभर किलोमीटरने फिरत असताना गिअरबॉक्सचा दांडा शून्यावर असू शकत नाही. हा ताळा घालायला नवं यंत्र लागत नव्हतं.

पुणे-पिंपरी-चाकण पट्ट्यात आज हजारो मराठी मुलंमुली गाड्यांच्या नियंत्रण संगणकांसाठी प्रोग्राम लिहितात, तपासतात. हे प्रकरण मी त्यांच्यासाठी लिहितोय. त्यांच्या टेबलावर रोज हाच निर्णय येतो : डेटा आला नाही तर त्याची किंमत काय धरायची? शून्य ही सोयीची किंमत आहे. पण शून्य हीसुद्धा एक माहिती आहे, आणि इथे ती खोटी माहिती होती.

पहिला निर्णय : एप्रिल २०१६

अमेरिकेत रिकॉलचा कायदा १९६६ चा आहे. रस्ते सुरक्षेची यंत्रणा एनएचटीएसए त्याची अंमलबजावणी करते. गाडीत सुरक्षेला बाधक दोष आहे असं कंपनीने ठरवलं की पाच कामकाजी दिवसांत यंत्रणेला कळवावं लागतं, मालकांना पत्रं पाठवावी लागतात आणि दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते. त्यासाठी कुणाचा जीव जायची वाट पाहावी लागत नाही, अवाजवी धोका आहे एवढं पुरतं.

एप्रिल २०१६ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे २ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांत २०११-१२ चे काही एफ-१५० होते, आणि २०१२ च्या एक्स्पेडिशन, नॅव्हिगेटर, मस्टँग या गाड्या. तोपर्यंत तीन अपघात कंपनीच्या कानावर आले होते, कुणी जखमी झाल्याची नोंद नव्हती. उपाय पीसीएमचं सॉफ्टवेअर बदलण्याचा.

या टप्प्यावर समोर कोणते रस्ते असतात ते पाहू. कंपनीच्या बंद खोलीत काय चर्चा झाली याबद्दल हे विवेचन नाही. तिच्या जागी बसणाऱ्या कुणालाही हे पर्याय दिसले असते.

सर्वांत हलका पर्याय म्हणजे रिकॉल न करता वॉरंटी वाढवून देणं. सेन्सर बिघडला की या, बदलून देऊ. बिघाड गाडी उभी असताना होणार असता तर हे चाललं असतं. इथे बिघाडाची पहिली खूण हाच धोका होता. मालकाला तो कळायचा तो महामार्गावर. हा पर्याय घेतला गेला नाही हे बरंच झालं.

दुसरा, इशारा देऊन मोकळं होणं. हे अशक्य वाटेल, पण याला इतिहास आहे. 'पार्क'मध्ये ठेवलेली गाडी 'रिव्हर्स'मध्ये घसरते अशा तक्रारींवरून याच कंपनीच्या गाड्यांची चौकशी झाली होती, आणि १९८० च्या अखेरीस सरकारने समझोता केला : सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायची इशाऱ्याची पट्टी पोस्टाने पाठवायची. गाड्यांना हात लागला नाही. पट्टी निदान चालकाला काहीतरी करायला सांगत होती : उतरण्याआधी इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. आपोआप पडणाऱ्या पहिल्या गिअरपुढे चालकाला करण्यासारखं काहीच नसतं. त्याला कसला इशारा देणार?

तिसरा पर्याय लीड फ्रेमच बदलायचा. मुळावर घाव म्हणून तो आकर्षक वाटतो. पण त्यासाठी तेल काढायचं, खालचा पॅन उतरवायचा, व्हॉल्व्ह बॉडीला हात घालायचा. लाखो ट्रकांसाठी तेवढे सुटे भाग आणि तेवढे कुशल हात लागतात, आणि भाग येईपर्यंत ट्रक तसेच धावत राहतात. शिवाय नवी जोडणीही कधीतरी सैल होऊ शकते. मग संगणकाने पुन्हा तेच खोटं उत्तर दिलं तर?

म्हणून चौथा पर्याय, सॉफ्टवेअर, हाच मला बरोबर वाटतो, आणि तो निवडला गेला याचं श्रेय द्यायला हवं. सर्व्हिस सेंटरमध्ये केबल लावून प्रोग्राम बदलायचा. सुटा भाग लागत नाही, उपाय लवकर पोचतो आणि तो दोषाच्या खऱ्या जागी लागतो. सेन्सर बिघडू दे, पण बिघडला म्हणून ट्रक पहिल्या गिअरमध्ये जाता कामा नये.

म्हणजे उपाय बरोबर होता. चूक उपायात नव्हती, ती यादीत होती. २०१३ आणि २०१४ चे एफ-१५० यादीत नव्हते, आणि २०११-१२ च्याही सगळ्या गाड्या नव्हत्या.

रेघ कशी ओढली जाते

इथे जरा थांबायला हवं, कारण या प्रकरणातलं शिकण्यासारखं बहुतेक सगळं या एका जागी आहे.

रिकॉलची व्याप्ती ठरवायच्या दोन पद्धती असतात. एकीत तुम्ही तक्रारी मोजता. अमुक वर्षीच्या अमुक कारखान्यातल्या गाड्यांच्या तक्रारी इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आहेत, म्हणजे तिथे काहीतरी बिनसलंय. त्या तारखांना रेघ ओढायची. दुसरीत तुम्ही यंत्रणा पाहता. हा गिअरबॉक्स, हा सेन्सर, या प्रकारचं सॉफ्टवेअर कुठेकुठे आहे? जिथे आहे ती प्रत्येक गाडी आत, आणि बाहेर ठेवायची असेल तर ती का बाहेर हे सिद्ध करायचं.

पहिली पद्धत आकडेमोडीच्या दृष्टीने नेटकी असते. सुटा भाग एखाद्या आठवड्यात चुकीचा जुळवला गेला असेल तर ती बरोबरही असते. पण वय वाढेल तसा बळावणारा दोष असेल तर ती फसते. दोन-तीन वर्षांच्या ट्रकच्या तक्रारी पाच वर्षांच्या ट्रकपेक्षा कमी असणारच. त्यांची जोडणी अजून तेवढी तापलेली नाही, तेवढी हादरलेली नाही. त्या शांततेचा अर्थ "दोष नाही" असा लावला तर आपणही संगणकाचीच चूक करतो : सिग्नल आला नाही, म्हणून शून्य धरलं.

२०१६ साली रेघ नेमकी कोणत्या कागदावर ओढली गेली याबद्दल मी बोलत नाही, ती पुढे कशी सरकत गेली हे सगळ्यांसमोर आहे.

दुसरा निर्णय : फेब्रुवारी २०१९

जवळजवळ तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, फोर्डने २०११ ते २०१३ च्या एफ-१५० ट्रकांचा रिकॉल जाहीर केला. उत्तर अमेरिकेत सुमारे १४ लाख ८० हजार, त्यांतले १२ लाख ६० हजार अमेरिकेत आणि २ लाख २१ हजार कॅनडात. कारण तेच : सेन्सरचा तुटक सिग्नल, नकळत पहिला गिअर. उपाय तोच : पीसीएमचं सॉफ्टवेअर. या वेळी पाच अपघातांची नोंद होती, त्यांतल्या एकात मानेला हिसका बसल्याची तक्रार.

दोन लाखांवरून जवळजवळ पंधरा लाखांवर आकडा गेला. एवढी वाढ झाली की पहिली व्याप्ती कमी पडली होती असं म्हणायला संकोच वाटू नये. पण माझा आक्षेप याहून पुढचा आहे. व्याप्ती इतकी वाढवताना २०१४ पुन्हा बाहेर राहिला. त्याच पिढीचा ट्रक, तोच सहा गिअरचा ६आर८०. एकदा रेघ चुकली हे कळल्यावर दुसऱ्यांदा ओढताना तरी प्रश्न उलटा विचारायला हवा होता. "२०१४ मध्ये दोष आहे याचा पुरावा काय?" असं न विचारता "२०१४ मध्ये तो नाही याचा पुरावा काय?" असं विचारायला हवं होतं. पहिल्या रिकॉलनंतर पुराव्याचा भार दुसऱ्या बाजूला जातो असं मी मानतो.

२०१४ चा ट्रक घेतलेल्या माणसाच्या बाजूने बघा. शेजाऱ्याच्या २०१३ च्या ट्रकला पत्र येतं. तो सतरा अक्षर-आकड्यांचा वाहन क्रमांक टाकून आपल्या ट्रकवर रिकॉल आहे का ते तपासतो. उत्तर येतं, नाही. महामार्गावर त्याला तोच झटका बसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये लीड फ्रेम बदलायला सांगतात आणि बिल त्याच्या हातात ठेवतात. त्याने करण्यासारखी गोष्ट एकच उरते : एनएचटीएसएकडे तक्रार नोंदवायची. शेकडो लोकांनी ती नोंदवली. या प्रकरणात पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे झालं. तक्रार लिहायला बसलेल्या त्या प्रत्येक माणसाबद्दल मला आदर वाटतो. त्याचा स्वतःचा खर्च होऊन गेलेला होता, तो लिहीत होता ते पुढच्यासाठी.

तिसरा निर्णय : २०२४

मार्च २०२४ मध्ये एनएचटीएसएने २०१४ च्या एफ-१५० ची चौकशी उघडली. जूनमध्ये रिकॉल जाहीर झाला : अमेरिकेतले ५ लाख ५० हजारांहून थोडे अधिक ट्रक. त्या वेळच्या कागदपत्रांनुसार कंपनीला ३९६ तक्रारी माहीत होत्या, त्यांतल्या १३० मध्ये मागची चाकं जखडल्याचं किंवा वेग एकदम गेल्याचं म्हटलं होतं. दोघे जखमी, एक अपघात. कारण : गिअरबॉक्सच्या वेगाचा सेन्सर आणि पीसीएम यांच्यातला सिग्नल हरवणं. उपाय : सॉफ्टवेअर, फुकट.

चौकशी उघडल्यापासून रिकॉलपर्यंत जेमतेम तीन महिने लागले. याचा अर्थ निर्णय घ्यायला लागणारी माहिती आवाक्यात होती. दोष ओळखीचा होता, उपाय तयार होता, दोनदा वापरूनही झाला होता. तरी २०१६ पासून मोजलं तर २०१४ च्या मालकाला आठ वर्षं थांबावं लागलं.

आठ वर्षांत ट्रकचं काय होतं? तो विकला जातो. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. कधी एखादा विद्यार्थी, कधी नव्याने आलेला कामगार तो स्वस्तात घेतो. पत्ता बदलतो, पत्र जुन्या दारात जाऊन पडतं. गाडी जितकी जुनी तितकी रिकॉलची दुरुस्ती करून घेणाऱ्यांची संख्या कमी, हा सगळ्याच रिकॉलचा अनुभव आहे. त्यावर आणखी एक कात्री आहे : २०१५ च्या कायद्यानुसार फुकट दुरुस्तीची सक्ती गाडीच्या पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षांपर्यंतच. उशिरा आलेला रिकॉल असा दोन्ही बाजूंनी झिजतो, लोकांपर्यंत पोचणंही कमी आणि हक्काची वर्षंही कमी.

निष्पत्ती

तिन्ही टप्प्यांनंतर २०११ ते २०१४ च्या ट्रकांना तोच, सर्वांत सोपा उपाय मिळाला. नोंदलेल्या जखमींची संख्या ट्रकांच्या संख्येपुढे लहान आहे, आणि ती लहान राहिली हे सुदैव. पण ताशी शंभरने जाणाऱ्या गाडीची मागची चाकं जखडतात तेव्हा मागे कोण येतंय हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. म्हणून कमी जखमी झाले यावरून धोका लहान होता असं मी म्हणणार नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एक संबंधित गोष्ट घडली. मागच्या कॅमेऱ्याच्या दोषाचा रिकॉल उशिरा केल्याबद्दल फोर्डने एनएचटीएसएशी १६ कोटी ५० लाख डॉलरच्या दंडाचा समझोता केला. दोष वेगळा, गाड्या वेगळ्या. पण त्या समझोत्यातली एक अट इथे थेट लागू पडते : मागच्या तीन वर्षांतले सगळे रिकॉल पुन्हा तपासायचे, त्यांत पुरेशा गाड्या घेतल्या होत्या का ते पाहायचं आणि लागेल तिथे नवा रिकॉल करायचा. व्याप्तीचा प्रश्न सरकारने लेखी अटीत आणला. दंडाच्या रकमेपेक्षा मला ही अट जास्त मोलाची वाटते.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, प्रोग्राम लिहितानाच. सिग्नल नसणं ही स्वतंत्र अवस्था धरायची, तिला शून्याचं तोंड द्यायचं नाही. त्या अवस्थेत गिअर धरून ठेवायचा. वेग एका क्षणात शंभरावरून शून्यावर आला तर तो वेग खोटा आहे, कारण दोन टनांचा ट्रक असा थांबत नाही. एवढी एक अट असती तर पुढचे तीनही रिकॉल लागले नसते. चाचणी करतानाही सेन्सर तुटलेला आणि सेन्सर तुटक या दोन वेगळ्या चाचण्या हव्यात. वायर कायमची काढून ठेवून केलेली चाचणी सोपी असते, संगणक लगेच दोष ओळखतो. क्षणभर जाऊन परत येणारा सिग्नल पकडणं अवघड, आणि रस्त्यावर तोच त्रास देतो.

दुसरी जागा २०१६. तेव्हा यंत्रणेनुसार यादी करायला हवी होती. सॉफ्टवेअरच्या रिकॉलमध्ये तर संकोचाचं कारणच कमी. पाच लाख लीड फ्रेम बनवायच्या असत्या तर खर्चाचा आणि पुरवठ्याचा युक्तिवाद समजू शकला असता. प्रोग्राम एकदा तयार झाला की पुढच्या मॉडेल वर्षाला तो जुळवून तपासायला काम पडतं हे खरं, पण ते काम आठ वर्षांचं नाही.

तिसरी, तक्रार वाचण्याची पद्धत. "स्पीडोमीटर शून्यावर आला" असं एक जण लिहितो, "गिअरबॉक्सने झटका दिला" असं दुसरा, "चाकं जाम झाली, ब्रेकचा काहीतरी प्रॉब्लेम" असं तिसरा. तीन वेगळ्या कप्प्यांत तीन तक्रारी पडल्या तर एकही कप्पा भरलेला दिसत नाही. एक रिकॉल होऊन गेल्यावर त्या दोषाची सगळी रूपं एकत्र शोधणारा माणूस नेमायला हवा, आणि त्याने यादीबाहेरच्या गाड्यांच्या तक्रारी दर काही महिन्यांनी वाचायला हव्यात.

एनएचटीएसएलाही वेगळं वागता आलं असतं. २०१९ चा विस्तार स्वीकारताना २०१४ बद्दल लेखी कारण मागायला पाच वर्षं लागायचं कारण नव्हतं.

आपल्याकडचा कायदा या प्रकरणाला लावला तर

एफ-१५० भारतात कंपनीने विकलेला ट्रक नाही. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्या की सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, आणि दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्याआधी २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता तेवढी होती.

त्या नियमांत एक मर्यादा आहे : सक्ती सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू. आता २०१४ चा ट्रक आठवा. त्याचा रिकॉल झाला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. हेच प्रकरण इथे, याच वेगाने उलगडलं असतं तर तिसऱ्या टप्प्यातल्या मालकांना सक्तीचा आधारच मिळाला नसता, सगळं कंपनीच्या इच्छेवर राहिलं असतं. वय वाढेल तसा बळावणारा दोष सात वर्षांनंतरही जोर धरू शकतो. आपल्याकडे गाडी पंधरा-पंधरा वर्षं चालते, तिसऱ्या-चौथ्या हातात तर ती माल भरून घाट चढते. ही मर्यादा वाढवायला हवी असं मला मनापासून वाटतं, आणि एफ-१५० चं प्रकरण त्यासाठी चांगला दाखला आहे.

प्रकरण तिथे थांबलं नाही

मार्च २०२५ मध्ये एनएचटीएसएने पुढची प्राथमिक चौकशी सुरू केली. या वेळी २०१५ ते २०१७ चे एफ-१५०, सुमारे १२ लाख ७० हजार ट्रक. हाताशी १३८ तक्रारी होत्या. बॉडी ॲल्युमिनियमची झाली होती, पिढी बदलली होती. चालकांचं म्हणणं मात्र ओळखीचं होतं : महामार्गावर, कुठल्याही इशाऱ्याशिवाय, गिअर अचानक खाली उतरला आणि मागची चाकं जखडली.